चालू असलेली सीलंही मोजायची: अपुऱ्या नोंदींवरून वायबुल प्राचल काढण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देखभाल आणि गुणवत्ता विभागात काम करणाऱ्यांसाठी ही पानं आहेत. वायबुल म्हणजे भाग किती तास टिकतात याचं वर्णन करणारं संभाव्यता-वितरण, आणि त्याचं रूप ठरवणारे दोन आकडे म्हणजे त्याची प्राचलं. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: साखर कारखान्यातल्या रस पंपांची मेकॅनिकल सीलं (फिरत्या दांड्याजवळून रस गळू न देणारे भाग). आकडे समजुतीपुरते मांडलेले आहेत, पण गणित खरं आहे. कागदावर करून पडताळता येईल.

उदाहरणातला डेटा काय आहे?

दहा पंप, हंगामाच्या सुरुवातीला दहाही सीलं नवी. गाळप ३,००० तास चाललं. चार सीलं अनुक्रमे ९००, १,५००, २,१०० आणि २,६०० तासांना निकामी झाली. एका पंपाची मोटर १,२०० तासांना जळाली म्हणून पंप काढला, सील मात्र ठीक होतं. उरलेली पाच सीलं हंगाम संपला तेव्हाही चालूच होती.

बदललेल्या चार सीलांच्या जागी बसवलेली नवी सीलंही खरं तर नोंदीत यायला हवीत (९०० तासांना बदललेल्या जागी बसलेलं सील पुढे २,१०० तास चाललं, वगैरे). हिशेब आटोपशीर राहावा म्हणून इथे ती सोडली आहेत. प्रत्यक्षात सोडू नका.

वायबुलच का?

कारण दोनच प्राचलांत ते बरंच काही सांगतं. स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांनी १९५१ मध्ये ते अभियांत्रिकी जगासमोर सविस्तर मांडलं आणि यंत्रभागांच्या आयुष्यासाठी तेव्हापासून ते पहिली पसंती आहे. दिलेल्या तासांपर्यंत भाग टिकण्याची शक्यता काढायची रीत अशी: तासांना ईटाने भागा, त्या भागाकाराचा बीटा घात घ्या, त्याला उणे चिन्ह लावून 'ई'च्या (नैसर्गिक लॉगचा पाया, २.७१८) घातांकात ठेवा.

ईटा म्हणजे प्रमाण-प्राचल. तेवढे तास झाले की ६३.२% भाग निकामी झालेले असतात, बीटा काहीही असो. बीटा म्हणजे आकार-प्राचल. तो १ पेक्षा कमी असेल तर भाग सुरुवातीलाच जातात: चुकीची बसवणी, खराब माल. १ असेल तर वयाचा संबंध नाही. १ पेक्षा जास्त असेल तर झीज.

फक्त निकामी झालेल्या सीलांचं आयुष्य घेतलं तर काय बिघडतं?

सगळंच. सर्वात जास्त नुकसान याच चुकीने होतं, आणि ती सर्रास होते, कारण स्टोअरमधून सील काढल्याची नोंद असते, न काढल्याची नसते.

वरच्या डेटात फक्त चार निकामी सीलं घेऊन मॅक्झिमम लाइकलिहूडने (म्हणजे हातातला डेटा दिसण्याची शक्यता सर्वात जास्त होईल अशी प्राचलं निवडण्याच्या रीतीने) हिशेब केला तर बीटा ३.१७ आणि ईटा १,९९० तास येतो. चालू राहिलेली पाच आणि मध्येच काढलेलं एक धरून तोच हिशेब केला तर बीटा २.०२ आणि ईटा ३,८८० तास. आयुष्य जवळपास निम्म्यावर आलं आणि झीज आहे त्यापेक्षा खूप तीव्र भासली. पहिल्या उत्तरावर विसंबणारा माणूस चांगली सीलं लवकर काढून टाकेल, वर हंगामासाठी दुप्पट माल मागवेल.

उलट चूकही पाहायला मिळते: चालू असलेल्यांना ३,००० तासांना 'निकामी' धरणं. तेही चूकच. '३,००० पेक्षा जास्त, किती ते ठाऊक नाही' एवढंच आपल्याला माहीत आहे, आणि गणितातही तेवढंच घालायचं.

सेन्सॉर्ड नोंद म्हणजे नेमकं काय?

ज्या नोंदीत निकामी होण्याची नेमकी वेळ कळलेली नाही, ती. प्रकार तीन. चालू असताना निरीक्षण थांबलं तर उजवीकडून सेन्सॉर्ड. हंगामाअखेरची पाच सीलं आणि मोटरवालं सील यातलेच. पहिल्या तपासणीतच निकामी सापडलं तर डावीकडून. दोन तपासण्यांच्या मध्ये कधीतरी गेलं तर अंतराल-सेन्सॉर्ड.

कुठलीही आधी काढलेली वस्तू सेन्सॉर्ड धरायची का?

नाही. मोटर जळाली म्हणून पंप काढला आणि सीलाचा त्यात काही हात नव्हता, तर ते सील सेन्सॉर्ड. पण 'गळायला लागलंय, रविवारच्या बंदमध्ये बदलून टाकू' म्हणून काढलेलं सील निकामीच समजा. ज्या कारणाने काढलं ते कारण सीलाच्या तब्येतीशी जोडलेलं असेल, तर नोंद स्वतंत्र राहत नाही आणि पद्धतीचा पायाच निखळतो. मोटरही सीलाच्या गळतीचं पाणी बेअरिंगमध्ये जाऊन जळाली असेल, तर तो प्रश्न आधी फिटरला विचारा, सॉफ्टवेअरला नंतर.

एकाच भागाची निकामी होण्याची कारणं वेगळी असतील (सीलाची घासपट्टी झिजणं वेगळं, ओ-रिंग रसायनाने फुगणं वेगळं), तर प्रत्येक कारणाचा हिशेब स्वतंत्र करा आणि त्या वेळी बाकीच्या कारणांनी गेलेले भाग सेन्सॉर्ड धरा. सगळं एकत्र केलं की वायबुल कागदावर (ज्यावर वायबुल डेटा सरळ रेषेत येतो असा खास आलेख-कागद) रेषा गुडघ्यासारखी वाकते.

हाताने, कागदावर कसं काढायचं?

रँक पद्धतीने. सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावा. निकामी नोंदीला सुधारित क्रमांक द्यायचा. मध्ये सेन्सॉर्ड नोंद आली की पुढची वाढ बदलते:

वाढ = (एकूण संख्या + १ − आधीचा क्रमांक) ÷ (१ + या नोंदीसकट उरलेल्या नोंदी)

९०० तासांच्या सीलाचा क्रमांक १. मग १,२०० ची सेन्सॉर्ड नोंद आली. १,५०० तासांच्या सीलासाठी वाढ = (११ − १) ÷ (१ + ८) = १.१११. म्हणून पुढचे क्रमांक २.१११, ३.२२२, ४.३३३. आता प्रत्येक क्रमांकातून ०.३ वजा करा आणि १०.४ ने (म्हणजे एकूण संख्या + ०.४ ने) भागा. मिळतात ६.७%, १७.४%, २८.१% आणि ३८.८%.

हे चार बिंदू वायबुल कागदावर मांडून रेषा काढली की उतार म्हणजे बीटा. इथे बीटा १.८३ आणि ईटा ३,८१० तास येतो. मॅक्झिमम लाइकलिहूडच्या उत्तराच्या पुष्कळ जवळ. ही रीत जुनी झाली म्हणून टाकू नका. बिंदू रेषेवर बसतात की नाही ते डोळ्याला दिसतं, हा तिचा खरा फायदा. मात्र तिला एक मोठी मर्यादा आहे. पाच सीलं ३,००० तासांना थांबली की ३०,००० तासांना, शेवटच्या निकामी नोंदीनंतरचे हे तास तिला दिसतच नाहीत. म्हणून चालू नोंदी जास्त असतील तर आकडा मॅक्झिमम लाइकलिहूडचाच घ्या.

मॅक्झिमम लाइकलिहूड एक्सेलमध्ये कसं करायचं?

प्रत्येक नोंदीला एक ओळ. तीन रकाने: तास, प्रकार, लॉग-लाइकलिहूड (ती नोंद दिसण्याच्या शक्यतेचा लॉग). बीटा आणि ईटा दोन वेगळ्या घरांत. मग प्रकारानुसार सूत्र:

निकामी असेल तर: लॉग(बीटा) − लॉग(ईटा) + (बीटा − १) × [लॉग(तास) − लॉग(ईटा)] − (तास ÷ ईटा)^बीटा

चालू असेल तर: − (तास ÷ ईटा)^बीटा, बस्स.

अंतरालातली असेल तर: अंतराच्या सुरुवातीला टिकण्याची शक्यता वजा शेवटी टिकण्याची शक्यता, आणि त्या वजाबाकीचा लॉग.

लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. दहाच्या पायाचा चुकून घेतला तर उत्तर येतं, फक्त चुकीचं येतं. लॉग-लाइकलिहूडच्या रकान्याची बेरीज कमाल करायला सॉल्व्हरला (एक्सेलमधलं कमाल-किमान शोधणारं साधन) सांगा. सुरुवात बीटा १.५ आणि ईटा = सर्वात मोठे तास अशी करा. सॉल्व्हर ऋण आकड्यात भरकटत असेल तर बीटा-ईटाऐवजी त्यांचे लॉग बदलायला द्या.

आपल्या उदाहरणात बेरीज −३७.७४ वर थांबायला हवी. तुमची याहून वेगळी आली तर बहुतेक वेळा एखादी चालू नोंद निकामीच्या सूत्रात गेलेली असते.

सॉल्व्हर नको असेल तर बीटा हाताशी धरून ईटा थेट निघतो: सगळ्या तासांचे (चालू धरून) बीटा घात घ्या, बेरजेला निकामी संख्येने भागा, त्याचं बीटावं मूळ काढा.

उत्तरावर किती भरवसा ठेवायचा?

आकडा काढणं सोपं. त्याच्या दोन्ही बाजूंना किती मोकळी जागा आहे ते सांगणं हा कामाचा अर्धा भाग. चार निकामी नोंदींवरून ९५% मर्यादा अशा येतात (लॉग प्रमाणावर, नॉर्मल अंदाजाने):

बीटा: ०.८४ ते ४.९
ईटा: सुमारे २,१७० ते ६,९४० तास
बी-१०, म्हणजे १०% सीलं जाण्याचे तास: १,२७०, मर्यादा सुमारे ५६० ते २,९००

बीटाच्या मर्यादेत १ आहे, हे नीट पाहा. म्हणजे 'सीलं झिजून जातात' हेसुद्धा या डेटावरून सिद्ध होत नाही. आणि बीटा १ किंवा कमी असेल तर ठरावीक तासांनी सील बदलण्याला अर्थ उरत नाही. उलट नव्या बसवणीतली जोखीम पदरात पडते. वरिष्ठांपुढे फक्त 'बीटा २.०२' ठेवणं ही दिशाभूल आहे, भले दोन दशांश स्थळं असोत.

निकामी नोंदी दहाच्या आत असतील तर नॉर्मल अंदाजापेक्षा प्रोफाइल लाइकलिहूडच्या (प्राचल बदलताना लाइकलिहूड किती घसरतं त्यावरून काढलेल्या) मर्यादा घ्या. बहुतेक पॅकेजांत एका पर्यायाने मिळतात.

बीटा नेहमी जास्तच का येतो म्हणतात?

थोड्या नमुन्यांत मॅक्झिमम लाइकलिहूडचा बीटा वरच्या बाजूला झुकतो. सगळ्या नोंदी पूर्ण असतील तर थोमन, बेन आणि अँटल यांच्या १९६९ च्या तक्त्यातले गुणक लावतात: ५ नमुन्यांना ०.६६९, १० ना ०.८५९, २० ना ०.९३१. पाच नमुन्यांचा ३ आलेला बीटा म्हणजे सुमारे २. सेन्सॉर्ड डेटाला हे गुणक जसेच्या तसे लावू नका.

सील कधी गेलं ते माहीत नाही, साफसफाईच्या बंदमध्ये सापडलं. कुठले तास लिहू?

दोन्ही लिहा. समजा दर १५ दिवसांनी, म्हणजे ३६० तासांनी तपासणी होते. सील १,०८० ला ठीक होतं आणि १,४४० ला निकामी सापडलं, तर नोंद '१,०८० ते १,४४०' अशी करा आणि वर दिलेलं अंतरालाचं सूत्र वापरा.

सापडल्याचे तासच निकामी होण्याचे तास म्हणून लिहिले तर प्रत्येक नोंद सरासरी १८० तास पुढे ढकलली जाते. ईटाला हे फारसं जाणवत नाही, ५% च्या आसपास. पण ९०० तासांच्या सीलाला १८० तास म्हणजे २०%, तर २,६०० च्या सीलाला जेमतेम ७%. लवकरच्या नोंदी जास्त ताणल्या जातात, विखुरणी कमी दिसते आणि बीटा खोटा वाढतो. अंतर ईटाच्या मानाने छोटं असेल तर मधला आकडा घेतलेला चालतो. पहिल्या निकामी नोंदीच्या वयाएवढं असेल तर चालत नाही.

'साधारण एकवीसशे तास झाले असतील' असं ऑपरेटर सांगतो. ही माहिती वापरता येते का?

येते. यासाठी संदिग्ध संचांची, म्हणजे फझी सेट्सची भाषा आहे. लोत्फी झादेह यांनी ती १९६५ मध्ये मांडली आणि १९६८ मध्ये संदिग्ध घटनेची शक्यता कशी काढायची तेही दाखवलं. 'साधारण २,१००' याचा त्रिकोण करा: १,९०० ला विश्वास शून्य, २,१०० ला पूर्ण, २,४०० ला पुन्हा शून्य. हे तीन आकडे ऑपरेटरकडूनच घ्या: 'यापेक्षा कमी नक्कीच नाही, यापेक्षा जास्त नक्कीच नाही, आणि बहुधा किती?' लाइकलिहूडमध्ये त्या नोंदीचं पद म्हणजे वायबुल घनता गुणिले त्रिकोणाची उंची, यांचं १,९०० ते २,४०० मधलं समाकलन. एक्सेलमध्ये दर २५ तासांना किंमत काढून बेरीज केली तरी पुरे. कमाल काढताना सॉल्व्हर अडला तर ईएम पद्धत (न कळलेल्या माहितीचा अंदाज आणि प्राचलं आळीपाळीने सुधारत जाणारी) वापरतात. ती १९७७ पासून अशाच अर्धवट डेटासाठी प्रसिद्ध आहे.

पण मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. चारही वेळांत ±१०% चा त्रिकोण धरला तर प्रत्येक वेळेची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) ४% च्या आसपास भरते. चारच निकामी नोंदी असल्यामुळे ईटाची प्रमाण त्रुटी मुळातच सुमारे ३०% आहे. नोंदीच्या अस्पष्टतेपेक्षा नोंदींचा तुटवडा कितीतरी मोठा. या विषयावरच्या निबंधांत दहा-दहा प्रकारचे संदिग्ध अंक येतात. कारखान्यात आधी चालू सीलांचे तास गोळा करावेत.

एक अपवाद: सगळे ऑपरेटर एकाच बाजूला चुकत असतील, म्हणजे तास नेहमी वरच्या शंभरात किंवा हजारात पूर्ण करत असतील, तर त्रिकोण सममित ठेवून उपयोग नाही. उजवी बाजू कापा.

एकही सील गेलं नाही तर काय हिशेब करणार?

बीटा आधीच्या अनुभवावरून ठरवता येत असेल तर खालची मर्यादा मिळते. समजा नव्या बनावटीची सहा सीलं ३,००० तास चालली, एकही गेलं नाही आणि बीटा २ धरला. ३,००० च्या वर्गाला सहाने गुणा, ३.० ने भागा (०.०५ च्या लॉगमधून येणारा आकडा, नेमका २.९९६), वर्गमूळ काढा. ईटा ९५% विश्वासाने ४,२४५ तासांहून जास्त. बीटा कुठून आणला ते अहवालात लिहिलंच पाहिजे, कारण सगळं उत्तर त्याच्यावर उभं आहे.

बीटा आधीच माहीत धरला तर मर्यादा किती आकसतात?

बीटा २ पक्का धरला तर आपल्या डेटात ईटा ३,८९० येतो आणि बी-१० च्या मर्यादा ५६० ते २,९०० वरून सुमारे ७७५ ते २,०६० होतात.

पक्का धरण्याऐवजी बेजच्या पद्धतीने 'बीटा २ च्या आसपास, ९५% खात्रीने १.२ ते ३.३ मध्ये' अशी पूर्वसमजूत घालता येते. मग बीटाच्या मर्यादा १.३ ते ३.१ होतात. छान दिसतं, पण त्या उत्तरात तीन चतुर्थांश वजन तुमच्या पूर्वसमजुतीचं आहे आणि एक चतुर्थांश डेटाचं. ती समजूत त्याच प्रकारच्या सीलाच्या, त्याच रसाच्या, त्याच तापमानाच्या नोंदींवरून आलेली असेल तर उत्तम. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून आली असेल तर पूर्वसमजूत बदलून दोनदा हिशेब करा आणि दोन्ही उत्तरं दाखवा.

लॉगनॉर्मल का नको?

लॉगनॉर्मल म्हणजे ज्यात आयुष्याचा लॉग नॉर्मल वितरण पाळतो ते वितरण. कधी कधी तेही हवं. लिबलाइन आणि झेलेन यांनी १९५६ मध्ये छापलेल्या बॉल बेअरिंग चाचणीतल्या २३ बेअरिंगांचा डेटा पाठ्यपुस्तकांत सर्वत्र वापरतात. त्यावर वायबुल बसवलं तर बीटा २.१० आणि ईटा ८.१९ कोटी फेरे येतो. लॉगनॉर्मलही तितकंच चांगलं बसतं, किंचित सरसच. बी-१० वायबुलने २.८ कोटी फेरे, लॉगनॉर्मलने ३.२५ कोटी. फरक आहे, पण खपून जाण्यासारखा. मात्र बी-१ विचारलात तर वायबुल म्हणतं सुमारे ०.९ कोटी आणि लॉगनॉर्मल १.९ कोटी. दुपटीचा फरक, आणि डेटा कुणाच्याच बाजूने बोलत नाही, कारण सर्वात लवकर गेलेलं बेअरिंगच १.७९ कोटी फेऱ्यांचं आहे.

म्हणून डेटाच्या पल्ल्याबाहेरचा टक्का सांगायचा असेल तर दोन्ही वितरणांनी काढा, आणि सुरक्षेचा प्रश्न असेल तर कमी येणारा घ्या.

तिसरं प्राचल, म्हणजे सुरुवातीचा 'काहीच होत नाही' असा काळ, घालू का?

बहुतेक वेळा नको. रेषा वाकडी दिसली की ते घालायचा मोह होतो, पण वाकडेपणाचं कारण दोन मिसळलेली बिघाड-कारणं हेच जास्त वेळा निघतं. झिजायला काही काळ लागतोच असं भौतिक कारण आणि विसेक निकामी नोंदी, दोन्ही हाताशी असतील तर विचार करा.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे फसायला होतं?

नावांत. एक्सेलच्या वायबुल फंक्शनमध्ये आकार-प्राचलाला 'अल्फा' म्हटलंय आणि प्रमाण-प्राचलाला 'बीटा', म्हणजे आपल्या बीटाच्या जागी ईटा जायला वेळ लागत नाही. 'आर'मधलं सर्व्हरेग फंक्शन जे 'स्केल' छापतं तो १ ÷ बीटा असतो आणि 'इंटरसेप्ट' हा ईटाचा लॉग. पायथनच्या सायपायमध्ये वायबुल बसवताना सुरुवातीचं स्थान शून्यावर बांधलं नाही तर ते न विचारता तिसरं प्राचल घालतं, आणि उत्तर भलतंच येतं. कुठलंही नवं साधन हाती घेतलं की वरचा दहा सीलांचा डेटा आधी त्यात घालून २.०२ आणि ३,८८० येतात का ते बघा.

स्टँडबाय पंपाचे तास कसे धरायचे?

सीलाची झीज चालण्याने होत असेल तर चालू तासच. दोन पंप आलटून पालटून चालत असतील आणि दोघांना पूर्ण हंगामाचे तास लावले तर आयुष्य दुप्पट दिसतं. तास-मीटर नसेल तर मोटरच्या चालू-बंद नोंदीवरून काढा.

पूर्ण पंपालाच वायबुल लावता येईल का?

सील गेलं की नवं बसतं, म्हणून प्रत्येक सीलाचं आयुष्य नव्याने सुरू होतं. पंप मात्र दुरुस्त होऊन तोच राहतो. त्याच्या बिघाडांमधली अंतरं स्वतंत्र नसतात. त्यासाठी पॉवर-लॉ प्रक्रियेची वेगळी पद्धत आहे. बिघाडांच्या अंतरांवर वायबुल चालवून काढलेला बीटा तिथे काही सांगत नाही.

पुढच्या हंगामात याच सीलांच्या नोंदी कशा जोडायच्या?

ऑफ-सीझनच्या ओव्हरहॉलमध्ये सील बदललं असेल तर जुनी नोंद ३,००० तासांना सेन्सॉर्ड म्हणून बंद करा आणि नव्या सीलाची शून्यापासून उघडा. तेच सील पुढे चालू ठेवलं असेल तर दुसरी नोंद उघडू नका. ३,००० च्या जागी ३,००० अधिक पुढचे तास लिहा. आणि ज्या सीलांवर लक्ष ठेवायला तुम्ही मध्येच सुरुवात केली, उदाहरणार्थ १,८०० तास आधीच चाललेली, त्यांच्या लाइकलिहूडला १,८०० तासांना टिकण्याच्या शक्यतेने भागावं लागतं. लॉगमध्ये (१,८०० ÷ ईटा)^बीटा एवढं मिळवायचं. त्याआधी गेलेली सीलं तुम्हाला दिसलेलीच नाहीत, त्याची ती भरपाई.